बीदर-कलबुर्गीचे जवारी ताट

मुंबई किंवा पुणे सोडून चेन्नईच्या मार्गाने निघालेला प्रवासी सोलापूर ओलांडून कलबुर्गीस उतरतो, तेव्हा आपण दक्षिणेत येऊन पोहोचलो अशी त्याची खात्री झालेली असते. फलाटावरच्या पाटीची लिपी बदललेली असते आणि हमालांच्या तोंडची कन्नड कानावर पडू लागलेली असते. पोटात भूक असते आणि मनात त्या भुकेचे एक तयार चित्र असते: वाफाळलेली इडली, नारळाची चटणी, पितळेच्या पेल्यातली कॉफी. स्थानकाबाहेरच्या पहिल्याच उपाहारगृहात हे चित्र खरे ठरते. इडली मिळते, डोसा मिळतो, सांबारही मिळते. अस्सल दाक्षिणात्य जेवण जेवलो, असे समाधान मानून प्रवासी हात धुतो. वस्तुतः ज्या गावी तो उतरला, त्या गावचे जेवण त्याच्या ताटात आलेलेच नसते.

यात उपाहारगृहाची काही लबाडी नाही. इडली-डोशाच्या ज्या रूपाला आज सारा देश दाक्षिणात्य म्हणून ओळखतो, ते मुख्यतः कर्नाटकाच्या समुद्रकाठच्या उडुपीकडून आणि त्याखाली तमिळ मुलखातून आले. उडुपीच्या लोकांनी उपाहारगृहाचा धंदा गावोगाव नेला. मुंबईत माटुंग्यास रामा नायक यांचे उडुपी पद्धतीचे भोजनगृह १९४२ साली सुरू झाले, आणि याच रीतीने ही मंडळी कलबुर्गीलाही पोहोचली. म्हणजे मुंबईकराच्या दृष्टीने उडुपीची इडली जितकी परगावची, तितकीच ती कलबुर्गीकराच्या दृष्टीनेही परगावची. उडुपी कलबुर्गीपासून शेकडो किलोमीटर दूर, घाटाखाली, नारळ आणि भात यांच्या प्रदेशात आहे. कलबुर्गीच्या रानात नारळ नाही आणि भाताची शेती हे तिथले मुख्य पीक नव्हे. मग तिथल्या माणसाच्या रोजच्या ताटात असते तरी काय?

या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी इतिहासातील एक गंमत सांगण्यासारखी आहे. बीदर जिल्ह्यातील आजचे बसवकल्याण म्हणजे चालुक्यांची राजधानी कल्याण. तेथील राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात, ११२९ च्या सुमारास, ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. राजाने काय खावे, कसे शिजवावे, याचे विस्तृत वर्णन त्यात आहे. त्या वर्णनात ‘इड्डरिका’ आणि ‘धोसक’ हे पदार्थ येतात. आपल्या मांड्यांची आठवण करून देणारा ‘मंडक’ही येतो. इडलीच्या पूर्वजाचा कन्नड भाषेतील उल्लेख याहूनही जुना, दहाव्या शतकातील ‘वड्डाराधने’ या ग्रंथात सापडतो. तेव्हा इडली-डोसा या भूमीला अगदीच अपरिचित होते, असे म्हणता येणार नाही. पण सोमेश्वराची इड्डरिका उडदाच्या पिठाची होती. आज इडलीचा निम्म्याहून अधिक भाग व्यापणारा तांदूळ तीत नव्हता. शिवाय ते राजाच्या पाकशाळेतले पदार्थ होते. राजवाड्याबाहेर, काळ्या रानात नांगर धरणाऱ्याच्या शिदोरीत काय होते, याचे उत्तर ग्रंथात शोधण्यापेक्षा मातीत शोधणे बरे.

कलबुर्गीची माती बहुतांशी काळी, खोल आणि ओल धरून ठेवणारी आहे. पावसाळ्यात मुरलेल्या ओलीवर पुढे हिवाळ्यात रब्बीची ज्वारी वाढते; तिला वरून फारसे पाणी लागत नाही. सोलापूर, विजयपूर, कलबुर्गी हा सारा शाळूचा पट्टा. त्याच मातीत तूर पिकते. कलबुर्गीला कन्नडमध्ये ‘तोगरी कणज’, म्हणजे तुरीचे कोठार, असेच म्हणतात, आणि तिथल्या तूरडाळीला २०१९ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. महाराष्ट्रात घरोघर जी शहाबादी फरशी पाहावयास मिळते, ती याच जिल्ह्यातील शहाबादच्या चुनखडकाची. चुनखडकाच्या या प्रदेशातील मातीचा गुण डाळीत उतरतो आणि ती लवकर शिजते व चवीला सरस लागते, असे तिचे चाहते सांगतात. बीदरचे पठार त्यामानाने उंच, आणि शहराभोवतीची माती जांभ्याची, तांबडी. तेथे मूग, उडीद, तूर ही कडधान्ये भरपूर. पण भाकरी ज्वारीचीच. ज्या गावी जेवायचे त्या गावची माती कोणती आणि तीत काय पिकते, एवढे पाहुण्याने आधी विचारून घेतले, तर पुढची निम्मी वाट सरलीच म्हणून समजावे.

भाषेनेही या बाबतीत वाटसरूची सोय करून ठेवली आहे. उत्तर कर्नाटकात ‘जवारी’ असा एक शब्द सर्रास वापरतात. जवारी कोंबडी म्हणजे गावठी कोंबडी, जवारी भाजी म्हणजे संकरित नसलेली, जवारी बोली म्हणजे रांगडी, घरची बोली. मराठीत ज्याला ‘गावरान’ म्हणतात तेच हे. या शब्दाची व्युत्पत्ती काहीही असो, मराठी कानाला त्यात ज्वारी ऐकू येते आणि ताटाच्या बाबतीत तरी तो कानाचा भ्रम ठरत नाही. पाहुण्याने ‘साउथ इंडियन कुठे मिळेल’ असे विचारले, तर त्याला इडलीच दाखवली जाईल. ‘जवारी ऊटा एल्लि सिग्तद्रि’, म्हणजे ‘गावरान जेवण कुठे मिळतं हो’, असे विचारले, तर उत्तर देणारा क्षणभर थांबेल, पाहुण्याकडे नीट पाहील आणि मग एखाद्या खानावळीची वाट सांगेल.

खानावळ हा शब्दही मराठी माणसाला नवा नाही. उत्तर कर्नाटकात तो जसाच्या तसा चालतो. पाटीवर कन्नड अक्षरांत ‘खानावळी’ असे लिहिलेले असते. यांतील पुष्कळ खानावळी लिंगायत कुटुंबे चालवितात आणि त्या निखळ शाकाहारी असतात. पाटी लहान, दिवाणखाना आखूड, बाके साधी. कित्येकदा पुढच्या खोलीत गिऱ्हाईक आणि मागच्या खोलीत घर अशीच रचना असते. खरी खानावळ ओळखण्याची खूण डोळ्यांपेक्षा कानाला लवकर पटते. आतून थापण्याचा आवाज येत असतो. दोन्ही तळहातांनी ज्वारीची रोट्टी थापताना जो तालबद्ध आवाज होतो, तो जेथून येत नाही, तेथे रोट्टी बाहेरून आणलेली असण्याचा संभव अधिक. दुसरी खूण गिऱ्हाइकाची. बाजार समितीत तूर घेऊन आलेले शेतकरी, कचेरीतले शिपाई, कॉलेजात शिकणारी खेड्यातली मुले, बसचे चालक जेथे भर दुपारी दाटीवाटीने बसलेले दिसतात, तेथे पाहुण्याने निःशंकपणे शिरावे. या जेवणाची वेळ दुपारची. रात्री उशिरा गेलेल्याला बहुधा कडक रोट्टी आणि उरलेली भाजी मिळते.

ताट समोर येते तेव्हा मराठी पाहुण्याला प्रथम थोडी निराशा वाटण्याचा संभव आहे. एवढा प्रवास करून आलो आणि ही तर आपली भाकरी, असे त्याला वाटते. वाटण्यात चूक काही नाही. जोळद रोट्टी म्हणजे ज्वारीची भाकरीच. गव्हाच्या पिठात जो चिवटपणा असतो तो ज्वारीत नाही. म्हणून आधणाच्या पाण्यात पीठ मळावे लागते, पीठ ताजे असावे लागते, आणि विरी गेलेल्या पिठाची रोट्टी थापता थापताच चिरते. हे सारे देशावरच्या कोणत्याही गृहिणीला ठाऊक आहे. फरक आहे तो जाडीत. कलबुर्गीकडची रोट्टी पातळ, मोठी आणि पापुद्रा सुटलेली. तीच मंद विस्तवावर पार सुकेपर्यंत भाजली की कडक रोट्टी होते. ती पापडासारखी मोडते आणि कित्येक दिवस टिकते. शेतावर, यात्रेला, परगावी शिकायला जाणाऱ्याबरोबर कडक रोट्ट्यांची चळत आणि चटणीची पुडी बांधून देण्याची रीत आहे.

रोट्टीबरोबर ‘एण्णेगायी’ येते. लहान काटेरी वांग्यांना चार चिरा देऊन त्यांत शेंगदाणे, तीळ, खोबरे व मसाला भरून तेलावर शिजविलेली ही भाजी म्हणजे भरल्या वांग्यांची सख्खी बहीण. ‘पुंडी पल्ल्या’ म्हणजे अंबाडीची भाजी. तीत तूरडाळ किंवा ज्वारीच्या कण्या घालून ती घोटतात आणि वर लसणाची फोडणी देतात. अंबाडीचा आंबटपणा आणि कण्यांचा मऊपणा यांचा असा काही मेळ बसतो, की या जेवणाची पारख पुंडीवरून करावी, असे जाणकारांचे मत आहे. मटकी किंवा मुगाची उसळ असते. तुरीच्या डाळीचे पातळ वरण, त्याला ‘ब्याळी’ म्हणतात, ते असते. झुणका असतो आणि त्याचे नावही झुणकाच असते. ताटाच्या कडेला कोरड्या चटण्या असतात: शेंगदाण्याची ‘शेंगा हिंडी’, कारळ्याची ‘गुरेळ्ळ हिंडी’, जवसाची ‘अगसी हिंडी’. ओल्या लाल मिरचीचा झणझणीत ‘रंजका’ असतो. आणि एक गोष्ट नवख्याला चकित करते: कच्च्या मेथीची जुडी आणि चिरलेला कांदा. मेथीची पाने तशीच तोडून रोट्टीच्या घासाबरोबर खावयाची असतात. कांद्याला इकडे ‘उळ्ळागड्डी’ म्हणतात. बंगळुरूच्या कन्नडात कांद्याचे नाव निराळे आहे. तेव्हा नुसत्या एका कांद्याच्या नावावरून बोलणारा उत्तरेकडचा की दक्षिणेकडचा, हे कर्नाटकातल्या कर्नाटकात समजते.

भात शेवटी येतो आणि थोडा येतो. ही बारीकशी गोष्ट फार बोलकी आहे. म्हैसूर-बंगळुरूच्या बाजूस नाचणी आणि भात, किनाऱ्यावर भात आणि मासळी, आणि येथे ज्वारी. एकाच राज्यात तीन निरनिराळी ताटे आहेत. मग सबंध दक्षिणेचे एकच जेवण कोठून असणार? ‘दाक्षिणात्य जेवण’ हे नाव उत्तरेकडून पाहणाऱ्याने दिले. ज्यांचे ते जेवण, ते लोक त्याला असे नाव कधीच देत नाहीत. ते फक्त ‘ऊट’, म्हणजे जेवण, म्हणतात. ‘ऊटा आत्रि?’ म्हणजे ‘जेवण झालं का?’ हा तिकडे भेटीचा पहिला प्रश्न असतो. त्याला नुसते होय म्हणून पुढे जाण्यापेक्षा ‘नाही अजून’ असे खरे सांगणाऱ्या पाहुण्याला अस्सल जेवण लवकर सापडते.

खानावळीतल्या दुपारखेरीज दिवसाचे इतर प्रहरही पाहण्यासारखे असतात. सकाळी ‘सुसला’ मिळतो. चुरमुरे पाण्यात भिजवून, पिळून, कांदा-मिरचीच्या फोडणीत परततात आणि वरून फुटाण्याच्या डाळीचे कूट घालतात. लातूर-उदगीरकडे हाच पदार्थ ‘सुशीला’ या नावाने घरोघर होतो. संध्याकाळी मिरची भज्यांच्या गाड्यांभोवती गर्दी जमते. हिवाळ्यात शाळूची कणसे भरली की शेतावर ‘सीतनी’ खाण्याचे आमंत्रण येते. सीतनी म्हणजे हुरडा, आणि त्याबरोबर पुन्हा शेंगांची चटणी.

मात्र या दोन जिल्ह्यांचे ताट म्हणजे केवळ रोट्टी आणि पुंडी, असे समजणे अर्धवट ठरेल. बहमनी राज्य १३४७ साली कलबुर्गीस स्थापन झाले आणि पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात अहमदशहाने राजधानी बीदरला हलविली. तेव्हापासून येथे एक दखनी स्वयंपाकघरही नांदत आहे. कलबुर्गीची मांस आणि तांदूळ एकत्र शिजवून केलेली ‘तहारी’ आणि तेथील ‘मालपुरी’ हे गोड पक्वान्न यांची तारीफ हैदराबादेपर्यंत ऐकू येते. हैदराबादेत गरिबांची बिर्याणी म्हणून ओळखली जाणारी, म्हशीच्या मांसाच्या लहान चौकोनी तुकड्यांची ‘कल्याणी बिर्याणी’ ही आपले नाव बसवकल्याणच्या नवाबांकडून घेते. त्यांच्या हैदराबादेतील देवडीत आल्यागेल्यास ती वाढली जात असे, अशी तिची परंपरा सांगतात. एकाच गावातून चालुक्य राजाचा पाकग्रंथ निघावा, बसवेश्वरांची वचने निघावीत आणि एका बिर्याणीचे नावही निघावे, हे बसवकल्याणखेरीज फार थोड्या गावांच्या वाट्यास आले असेल.

बसवेश्वरांचे नाव आले म्हणजे दासोहाचे नाव येणे क्रमप्राप्त आहे. बाराव्या शतकात कल्याणात बसवेश्वरांनी आणि त्यांच्या सहकारी शरणांनी ‘कायक’ आणि ‘दासोह’ ही दोन तत्त्वे शिकविली: स्वतः कष्ट करावेत आणि कष्टाचे अन्न सर्वांबरोबर वाटून खावे. जातीची पंगत मोडणारा हा विचार होता आणि त्याची किंमत शरणांना द्यावी लागली. आज कलबुर्गीच्या शरणबसवेश्वर देवस्थानात दासोह चालतो आणि कोण, कुठला, हे न विचारता तेथे वाढले जाते. बीदरला गुरू नानकांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या नानक झिरा साहिब गुरुद्वारात लंगर चालतो. हुमनाबादजवळ माणिकनगरला माणिक प्रभूंच्या स्थानी अन्नदानाची परंपरा आहे. कलबुर्गीस ख्वाजा बंदे नवाज यांच्या दर्ग्यात उरुसाच्या काळात हजारो लोक जेवतात. अस्सल जेवणाच्या शोधात निघालेल्याने ही ठिकाणे टाळू नयेत. तेथे चव चाखण्यासाठी जायचे नसते हे खरे. पण गावाची चव कशी घडली, ते तेथे कळते.

वर्षातून एक दिवस असा येतो, की त्या दिवशी या प्रदेशातील गावेच्या गावे ओस पडतात आणि शेते भरून जातात. मार्गशीर्षातल्या अमावस्येला कन्नडमध्ये ‘एळ्ळ अमावास्ये’ म्हणतात. ‘एळ्ळु’ म्हणजे तीळ. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत हीच ‘वेळा अमावास्या’ किंवा ‘येळवस’. कन्नड एळ्ळ मराठी जिभेवर येऊन वेळा झाले, असे मानतात. उभ्या पिकात कडब्याची खोप करून पांडवांच्या दगडांची पूजा करावयाची, चर शिंपडायचा, आणि मग सगेसोयरे, शेजारी आणि वाटेने जाणारा अनोळखी माणूस या सर्वांनी मिळून जेवायचे. अनेक कडधान्यांची आणि पालेभाज्यांची एकत्र शिजविलेली ‘भज्जी’, मडक्यातली आंबील, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. चर शिंपताना लातूरचा शेतकरी जी आरोळी देतो, तिचा अर्थ त्याला सांगता येत नाही, कारण ती आरोळी जुन्या कन्नडाची झिजलेली आहे. त्या दिवशी सीमेच्या अलीकडे किंवा पलीकडे कोणत्याही शेतात गेलेल्या पाहुण्याला जेवल्यावाचून परत येता येत नाही. एवढे खात्रीचे अस्सल जेवण कोणत्याही शहरात विकत मिळणार नाही.

ही सीमा तशी अलीकडची. १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या राज्यात होता. जुन्या बीदर जिल्ह्यात उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुकेही होते, आणि बाजारात कन्नड, मराठी, तेलुगू व उर्दू या चारही भाषा कानी पडत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली; बीदर व गुलबर्गा हे जिल्हे म्हैसूर राज्यात गेले आणि मराठवाडा मुंबई राज्यात आला. पुढे १९७३ साली म्हैसूरचे कर्नाटक झाले आणि २०१४ साली गुलबर्ग्याचे कलबुर्गी झाले. औराद, भालकी, बसवकल्याण या तालुक्यांतून आजही मराठी बोलणारी घरे मोठ्या संख्येने आहेत. सीमेचा वाद सर्वोच्च न्यायालयात आहे आणि त्याचा निर्णय तेथेच व्हावयाचा आहे. पण ज्या स्वयंपाकघरात होळिगेला पुरणपोळी, कट्टिन सारूला कटाची आमटी आणि कडबूला कडबूच म्हणतात, त्या स्वयंपाकघरात कोणता पदार्थ कोणाचा, हा वाद कोणी घातल्याचे ऐकिवात नाही. भालकीची सून उदगीरची असते आणि उदगीरची सासू बसवकल्याणची असते. त्यांच्या हातांनी हे प्रश्न कधीच निकालात काढले आहेत.

खरी काळजी आहे ती निराळीच. ज्या ज्वारीवर हे ताट उभे आहे, ती ज्वारी रानातून मागे सरत आहे. बीदरकडे सोयाबीन आणि ऊस यांनी बरीच जमीन घेतली. ज्वारीची काढणी कष्टाची, मजूर मिळत नाही, आणि भाव नगदी पिकासारखा हाती लागत नाही. शिधापत्रिकेवर तांदूळ मिळू लागल्यापासून गरिबाच्या घरातही भात वाढला, आणि पूर्वी जी गरिबाची भाकरी होती ती आता बाजारात भातापेक्षा महाग पडू लागली. शिवाय रोट्टी थापणे हे बसल्या बैठकीचे, विस्तवापुढचे कष्टाचे काम. खानावळीत शेकडो रोट्ट्या थापणाऱ्या बाईची मुलगी शाळेत जाते आणि तिने तेच काम करावे, असे आईलाही वाटत नाही. यात वावगे काही नाही. पण त्यामुळे खानावळीच्या जागी फलक मोठा आणि स्वयंपाक कोणत्याही गावी सारखाच, अशी उपाहारगृहे येतात, आणि पुढच्या प्रवाशाला विचारूनही जवारी ताट सापडत नाही.

निराश होण्याचे मात्र कारण नाही. भारताच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष भरड धान्यांचे वर्ष म्हणून पाळले, आणि शहरातल्या लोकांना ज्वारीची पुन्हा आठवण झाली. कलबुर्गीच्या जिल्हा प्रशासनाने अलीकडे ‘कलबुर्गी रोट्टी’ या नावाखाली महिला बचतगटांनी केलेल्या रोट्ट्यांना बाजारपेठ मिळवून देण्याचे काम हाती घेतले आहे. कडक रोट्टी टिकाऊ असल्यामुळे दूरवर पाठविता येते. ज्या बाईच्या हाताला कालपर्यंत फक्त घरापुरती किंमत होती, त्या हाताला त्यामुळे दाम मिळू लागला आहे. प्रवाशालाही यात करण्यासारखे थोडेसे आहे. एका वेळची इडली सोडून त्याने एक वेळ खानावळीत बसावे, दाम न घासता द्यावा, आणि निघताना शेंगा हिंडीची एक पुडी व कडक रोट्टीची एक चळत बरोबर घ्यावी. गिऱ्हाईक राहिले तर थापणारा हात राहील, आणि थापणारा हात राहिला तर शेतकरी ज्वारी पेरील.

१९४७ पूर्वी कलबुर्गी-बीदरचा रस्ता लांबचा आणि धुळीचा होता. आता २०१७ पासून हुमनाबादवरून जाणारा सुमारे ११० किलोमीटरांचा रेल्वेमार्ग ही दोन्ही शहरे जोडतो. एका दिवसात दोन्ही ठिकाणी जेवता येईल, इतकी सोय झाली आहे. आणि तरीही मराठी माणसाला या जेवणाची ओळख करून देण्यासाठी रेल्वेची वाट पाहावी लागली नव्हती. कलबुर्गी जिल्ह्यातच, भीमा आणि अमरजा यांच्या संगमावर गाणगापूर आहे. नृसिंह सरस्वतींच्या पादुकांच्या दर्शनासाठी महाराष्ट्रातून शतकानुशतके लोक तेथे जात आहेत. त्यांचे चरित्र मराठीत लिहिणाऱ्या सरस्वती गंगाधरांची मातृभाषा कन्नड होती, असे मानले जाते. दत्तमहाराज मध्यान्हीला गाणगापुरात भिक्षेस येतात, अशी श्रद्धा असल्यामुळे भर दुपारी तेथे यात्रेकरू झोळी घेऊन मधुकरी मागावयास निघतात. श्रीमंत असो की गरीब, पाच घरी हात पसरायचा आणि जे झोळीत पडेल ते प्रसाद म्हणून खायचे.

त्या झोळीत भाकरीचा चतकोर पडतो, मूठभर भात पडतो, भाजी पडते. वाढणारी बाई कन्नड बोलत असते, घेणारा मराठी. हे जेवण उत्तरेचे की दक्षिणेचे, असा विचार तेथे कोणाच्या मनात येत नाही. आणि परक्या गावी त्या गावचे जेवण मिळविण्याची याहून जुनी आणि याहून खात्रीची रीत अजून कोणाला सापडलेली नाही. दारापुढे उभे राहावे, भूक आहे हे मोकळेपणाने सांगावे, आणि त्या घरात जे शिजले असेल ते आनंदाने घ्यावे.